आउट-हेरड (क्रियापद)

आउट-हेरड हे इंग्रजी भाषेतील एक विरळ वापराचे सकर्मक क्रियापद आहे. एखाद्या गोष्टीच्या अतिरेकात, विशेषतः आरडाओरडा, थयथयाट, क्रौर्य किंवा दिमाख यांत, त्यासाठीच प्रसिद्ध असलेल्यावरही कडी करणे असा त्याचा अर्थ होतो. हे क्रियापद विल्यम शेक्सपिअर याच्या 'हॅम्लेट' या नाटकात प्रथम आढळते. ते ज्यू राजा हेरोद याच्या नावावरून बनले आहे. वरचढ ठरणे या अर्थाची इंग्रजीतील बहुतेक क्रियापदे प्रशंसेसाठी किंवा तटस्थपणे वापरली जातात. आउट-हेरड मात्र जवळजवळ नेहमीच दोषदर्शक असते. येथे जो पुढे जातो तो गुणात नव्हे, तर मर्यादा सोडण्यात पुढे जातो.

उच्चार आणि रूपे

या शब्दाचा उच्चार 'आउट-हेरड' असा असून मुख्य आघात 'हे' या अक्षरावर येतो. 'आउट' हा उपसर्ग आणि 'हेरड' हे विशेषनाम यांच्यामध्ये सामान्यतः संयोगचिन्ह देतात. मूळ शब्द विशेषनाम असल्याने त्याचे पहिले अक्षर बहुधा मोठ्या लिपीत लिहिले जाते. वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनात 'आउट-हेरड्स', भूतकाळात 'आउट-हेरडेड' आणि चालू काळात 'आउट-हेरडिंग' अशी रूपे होतात. मराठी बायबलमध्ये या राजाचे नाव 'हेरोद' असे लिहितात. या लेखात राजासाठी 'हेरोद' आणि क्रियापदासाठी 'आउट-हेरड' अशी रूपे वापरली आहेत.

या क्रियापदाचे कर्म बहुतेक वेळा ठरलेले असते व ते म्हणजे खुद्द हेरोद. त्यामुळे नाव दोनदा येते, एकदा क्रियापदाच्या पोटात आणि एकदा कर्म म्हणून. 'अमक्याने हेरोदालाच आउट-हेरड केले' अशी ही रचना आहे. हेरोदाचे वैशिष्ट्य म्हणजे हेरोदपण, आणि त्या हेरोदपणातच कोणीतरी हेरोदाला मागे टाकले, असा तिचा भाव आहे. या पुनरुक्तीमुळे शब्दप्रयोगाला उपरोधाची धार येते.

ऐतिहासिक हेरोद

हेरोद (महान) याला इ.स.पू. 40 मध्ये रोमच्या सेनेटने यहूदियाचा राजा म्हणून मान्यता दिली. इ.स.पू. 37 मध्ये त्याने जेरुसलेम ताब्यात घेतले आणि इ.स.पू. 4 च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. तो मोठा बांधकामप्रिय राजा होता. जेरुसलेम येथील मंदिराची भव्य पुनर्बांधणी, कैसरिया हे बंदर, मसादाचा किल्ला आणि हेरोदियम हा दुर्गप्रासाद ही त्याची कामे प्रसिद्ध आहेत. त्याच वेळी तो अतिशय संशयी होता. पत्नी मरियम्ने हिला आणि अलेक्झांडर, अरिस्टोब्युलस व अँटिपेटर या आपल्या तीन मुलांना त्याने ठार करविले. त्याच्या कारकिर्दीची बहुतेक माहिती इ.स.च्या पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथांतून मिळते.

ख्रिस्ती जगात हेरोदाचे नाव काळेकुट्ट झाले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायामुळे. यहूद्यांचा नवा राजा जन्मला आहे हे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांकडून कळल्यावर हेरोदाने बेथलेहेम व परिसरातील दोन वर्षांच्या आतील सर्व मुलगे मारण्याची आज्ञा दिली, अशी कथा तेथे आहे. या हत्याकांडाचा उल्लेख जोसेफसच्या ग्रंथांत नाही. त्यामुळे अनेक इतिहासकार ते प्रत्यक्ष घडले असावे का याबद्दल शंका घेतात. तथापि चित्रकला, प्रवचने आणि नाटके यांतून ही कथा युरोपभर पोहोचली.

नव्या करारात हेरोद नावाचे आणखीही राजे येतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध करविणारा हेरोद अँटिपास हा हेरोद महान याचा मुलगा होता, तर हेरोद अग्रिप्पा हा नातू होता. लोकनाट्यात या व्यक्तींची काही प्रमाणात सरमिसळ झालेली दिसते. क्रियापदामागे असलेला हेरोद मात्र प्रामुख्याने बालहत्येच्या कथेतील हेरोद होय.

रंगभूमीवरील हेरोद

आउट-हेरड हे क्रियापद इतिहासातील किंवा बायबलमधील हेरोदावरून थेट आलेले नाही. त्याची वाट मध्ययुगीन इंग्लंडच्या रंगभूमीवरून जाते.

चौदाव्या ते सोळाव्या शतकांत यॉर्क, चेस्टर, कॉव्हेंट्री यांसारख्या शहरांत बायबलमधील कथांवर आधारित नाट्यमालिका सादर होत. त्यांना मिस्टरी नाटके म्हणतात. प्रत्येक प्रसंगाची जबाबदारी शहरातील एखाद्या कारागीर-संघाकडे असे. शिंपी, विणकर, लोहार असे संघ स्वखर्चाने आपापला प्रसंग उभा करीत. अनेक ठिकाणी चाकांवरच्या मंचावर, भर रस्त्यात, उघड्यावर हे प्रयोग होत आणि प्रेक्षक चहूबाजूंनी गोळा होत. अशा गर्दीत आवाज पोहोचविणे हीच नटाची पहिली कसोटी असे.

या नाटकांत हेरोदाची भूमिका सर्वांत गडगडाटी होती. तो स्वतःच्या सामर्थ्याच्या फुशारक्या मारीत, सेवकांना धमकावीत, तलवार परजीत आणि प्रेक्षकांनाच गप्प बसण्याचा दम देत मंचावर येई. कॉव्हेंट्रीच्या नाटकात तर तो स्वर्ग आणि नरक आपणच निर्माण केल्याचा दावा करतो. ज्ञानी पुरुष आपल्याला चकवून निघून गेल्याचे कळल्यावर तो संतापाने बेभान होतो. तेथे संहितेतच अशी सूचना आहे की, हेरोदाने मंचावर आणि खाली रस्त्यावरही थैमान घालावे. एन-टाउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाट्यसंग्रहात हेरोद मेजवानीत बढाया मारीत असतानाच मृत्यू हे पात्र येऊन त्याला घेऊन जाते.

त्यामुळे प्रेक्षकांच्या दृष्टीने हेरोद एकाच वेळी भीतिदायक आणि हास्यास्पद होता. त्याची गर्जना जितकी मोठी, तितका त्याचा पराभव अधिक रंगतदार होई. ही भूमिका लोकांच्या किती परिचयाची होती याचा पुरावा चौदाव्या शतकातील कवी जेफ्री चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये मिळतो. तेथील गिरणीवाल्याच्या कथेत अॅब्सोलॉन हा नाजूक व नखरेल तरुण उंच मंचावर हेरोदाची भूमिका करतो असा उल्लेख आहे. अशा तरुणाने हेरोद व्हावे यातच विनोद आहे, आणि वाचकाला हेरोदाची भूमिका ठाऊक असल्याशिवाय तो कळत नाही.

कॉव्हेंट्रीतील नाटकांचा शेवटचा प्रयोग 1579 मध्ये झाल्याची नोंद आहे. शेक्सपिअरचा जन्म 1564 मध्ये, कॉव्हेंट्रीपासून सुमारे 30 किलोमीटर अंतरावरील स्ट्रॅटफर्ड येथे झाला. त्याने लहानपणी ही नाटके पाहिली असावीत असा तर्क अनेक अभ्यासक करतात. तथापि त्याला प्रत्यक्ष पुरावा नाही.

'हॅम्लेट'मधील वापर

'हॅम्लेट' हे नाटक साधारणपणे 1599 ते 1601 या काळात लिहिले गेले असे मानतात. त्याच्या तिसऱ्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात राजपुत्र हॅम्लेट दरबारात आलेल्या नटांना अभिनयासंबंधी सूचना देतो. संवाद सहजपणे म्हणावेत, हातवारे करीत हवा कापू नये, भावनेच्या भरातही तोल सांभाळावा आणि निसर्गाची मर्यादा ओलांडू नये, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. नाट्यगृहाच्या खुल्या चौकात उभे राहून नाटक पाहणाऱ्या स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांसाठी जे नट घसा फाडून ओरडतात, त्यांच्याबद्दल तो चीड व्यक्त करतो. असा नट हेरोदावरही ताण करतो, हे सांगण्यासाठी शेक्सपिअरने आउट-हेरड हे क्रियापद घडविले.

त्याच ठिकाणी टरमॅगंट या दुसऱ्या पात्राचाही उल्लेख येतो. टरमॅगंट ही मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती लोकांनी कल्पिलेली, मुसलमानांची म्हणून दाखविलेली देवता होय. इस्लाममध्ये अशी कोणतीही देवता नाही. साहित्यात ती उग्र व आक्रस्ताळी म्हणून रंगविली जाई. पुढे हाच शब्द इंग्रजीत भांडखोर स्त्री या अर्थाने रूढ झाला. टरमॅगंट आणि हेरोद ही दोन्ही नावे येथे क्रौर्याची नव्हे, तर आवाजाची व अंगविक्षेपांची प्रतीके आहेत.

शेक्सपिअरला हेरोदाची दोन्ही रूपे परिचित होती. 'पाचवा हेन्री' या नाटकात हार्फ्लर शहराला धमकावताना राजा हेन्री हेरोदाच्या मारेकऱ्यांचा आणि आक्रोश करणाऱ्या मातांचा दाखला देतो. तेथे हेरोद क्रौर्याचे प्रतीक आहे. 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये मात्र फुशारकीखोर फॉल्स्टाफला हेरोदाची उपमा दिली जाते. 'हॅम्लेट'मधील क्रियापद या दुसऱ्या, रंगभूमीवरच्या हेरोदाशी नाते सांगते.

नटांना संयमाचा उपदेश करणारा हॅम्लेट पाचव्या अंकात स्वतःच तो मोडतो. ऑफेलियाच्या थडग्यापाशी लेअर्टिसचा शोकविलाप ऐकून तो खवळतो, आपले दुःख लेअर्टिसच्या दुःखाहून कितीतरी मोठे आहे असे सांगू लागतो आणि आकांत करण्यात आपणही मागे राहणार नाही असे बजावतो. या प्रसंगात हे क्रियापद येत नाही, परंतु त्याचा अर्थ जणू कृतीतून दिसतो.

'आउट-' हा उपसर्ग

इंग्रजीत 'आउट' या उपसर्गाचा मूळ अर्थ 'बाहेर' असा आहे. त्यातूनच 'पलीकडे' आणि पुढे 'अधिक' असा अर्थ विकसित झाला. आउटरन (धावण्यात मागे टाकणे), आउटलिव्ह (एखाद्यापेक्षा अधिक जगणे), आउटशाइन (तेजाने झाकोळणे), आउटनंबर (संख्येने अधिक असणे) व आउटविट (बुद्धीने मात करणे) ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

हा उपसर्ग लागल्यावर क्रियापदाचे व्याकरण बदलते. 'गाणे' या क्रियेचे कर्म एखादे गीत असते, परंतु 'आउट-सिंग' या क्रियापदाचे कर्म प्रतिस्पर्धी गायक असतो. 'धावणे' या अर्थाचे मूळ क्रियापद बहुधा अकर्मक असते, पण आउटरनला कर्म लागतेच. थोडक्यात, या उपसर्गामुळे कोणतीही क्रिया स्पर्धेत रूपांतरित होते आणि ज्याच्यावर मात केली तो कर्माच्या जागी येतो.

शेक्सपिअरने या सोयीचा मनमुराद उपयोग केला. 'ऑथेल्लो'मध्ये आउट-टंग (बोलण्याने निष्प्रभ करणे), 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये आउट-नाइट (रात्रींच्या दाखल्यांत वरचढ ठरणे) आणि 'सिंबेलीन'मध्ये आउट-स्वीटन (गोडव्यात किंवा सुगंधात मागे टाकणे) असे शब्द येतात. 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'मधील आउट-व्हिलन आणि 'किंग लिअर'मधील आउट-फ्राउन हे शब्द आउट-हेरडच्या अधिक जवळचे आहेत. पहिल्यात खलत्वालाच खलत्वात, तर दुसऱ्यात दैवाच्या आठ्यांनाच आठ्या घालण्यात मागे टाकण्याची कल्पना आहे. एकच शब्द क्रियापदात आणि कर्मात आणण्याची ही लकब आउट-हेरडमध्ये विशेषनामावर वापरलेली दिसते.

अर्थविस्तार

नाटकाबाहेर पडल्यावर या क्रियापदाच्या अर्थाचा तीन दिशांनी विस्तार झाला.

1. अतिरंजित अभिनय किंवा वक्तृत्व. हा मूळ अर्थ होय. नट, वक्ता किंवा प्रवचनकार गरजेपेक्षा फार मोठ्या आवाजात व आवेशात बोलला, तर त्याच्याबद्दल हे क्रियापद वापरतात.

2. क्रौर्य किंवा दुष्टपणा. मिस्टरी नाटके बंद पडल्यानंतर रंगभूमीवरचा हेरोद लोकांच्या स्मरणातून गेला. बायबलमधील बालहत्यारा हेरोद मात्र राहिला. त्यामुळे पुढील काळातील वाचकांनी या क्रियापदाचा अर्थ 'क्रौर्यात हेरोदालाही मागे टाकणे' असा लावणे स्वाभाविक होते, आणि आज हाही अर्थ रूढ आहे.

3. कोणताही अतिरेक. येथे आवाज किंवा क्रौर्य यांचा संबंध असेलच असे नाही. वेशभूषा, उधळपट्टी, प्रदर्शन, अतिशयोक्ती यांपैकी कशाचीही परिसीमा दाखविण्यासाठी शब्द वापरला जातो.

अमेरिकन लेखक एडगर अॅलन पो याच्या कथांत शेवटचे दोन अर्थ दिसतात. 1832 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'मेट्झेंगरस्टाइन' या कथेत वारसा मिळताच स्वैराचार व अत्याचार सुरू करणाऱ्या तरुण उमरावाविषयी हे क्रियापद येते. 1842 मधील 'द मास्क ऑफ द रेड डेथ' या कथेत ते मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात साथीच्या रोग्याचा वेश करून आलेल्या अनोळखी पाहुण्याला लावले आहे. त्याने आरडाओरडा केलेला नाही की कोणावर हात उगारलेला नाही. यजमान राजपुत्राने स्वैरपणाला जी सैल मर्यादा ठेवली होती, तीही त्याच्या वेशाने ओलांडली, एवढेच तेथे अभिप्रेत आहे.

इतर नावांवरून झालेली घडण

आउट-हेरडच्या साच्यात कोणतेही प्रसिद्ध नाव बसविता येते. एखाद्या कवीने मिल्टनची भारदस्त शैली मिल्टनपेक्षाही अधिक भारदस्तपणे गिरविली, तर त्याने मिल्टनला 'आउट-मिल्टन' केले असे म्हणता येते. राजकीय पत्रकारितेत ही घडण विशेष आढळते. अमेरिकेत डॉनल्ड ट्रम्प यांच्या उदयानंतर त्यांची भाषा व भूमिका त्यांच्यापेक्षाही तीव्रपणे मांडू पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांबाबत 'आउट-ट्रम्प' असा शब्द पत्रकारांनी वापरला.

अशा घडणीसाठी दोन गोष्टी आवश्यक असतात. ते नाव वाचकाच्या परिचयाचे असावे लागते आणि त्या नावाशी एखादा ठळक गुण किंवा दोष जोडलेला असावा लागतो. नाव विस्मृतीत गेले की शब्दही अर्थ गमावतो. आउट-हेरडचे वेगळेपण असे की, मूळ हेरोद विस्मृतीत गेल्यावर दुसऱ्या हेरोदाच्या आधाराने तो टिकून राहिला.

समानार्थी क्रियापदांशी तुलना

सरपास आणि एक्सेल ही क्रियापदे सामान्यतः गुणवत्तेतील श्रेष्ठत्व दाखवितात. ट्रान्सेंड म्हणजे एखादी मर्यादा ओलांडून वेगळ्या पातळीवर जाणे. तेथे मर्यादा ओलांडणे ही उन्नती असते. आउटस्ट्रिप या शब्दात वेग किंवा वाढ यांत पुढे जाण्याचा भाव आहे. एक्लिप्स हे क्रियापद ग्रहणावरून आले असून, दुसऱ्याचे तेज झाकले जाणे त्यात महत्त्वाचे असते. आउटव्ही हे जुन्या वळणाचे क्रियापद चुरशीच्या स्पर्धेतील विजय सुचविते. आउटडू हे सर्वांत व्यापक असून चांगल्या व वाईट दोन्ही संदर्भांत चालते.

या सर्वांच्या तुलनेत आउट-हेरडचे क्षेत्र लहान आहे. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत आपल्या गुरूपेक्षा अधिक प्रावीण्य दाखविले, तर तेथे सरपास योग्य ठरेल. आउट-हेरड वापरल्यास स्तुतीऐवजी निंदा होईल. मात्र गुरूच्या रागीट स्वभावाची नक्कल करताना विद्यार्थी गुरूहूनही अधिक आदळआपट करू लागला, तर हे क्रियापद चपखल बसते. शब्दाला साहित्यिक वळण असल्याने कार्यालयीन किंवा शास्त्रीय लेखनात तो सहसा वापरत नाहीत.

मराठीतील पर्याय

मराठीत विशेषनामाला उपसर्ग लावून असे क्रियापद बनविण्याची पद्धत नाही. पुराणातील नावे मराठीत बहुधा विशेषणाप्रमाणे येतात, जसे कुंभकर्णी झोप किंवा भगीरथ प्रयत्न. वरचढपणा दाखविण्याचे काम 'वर' हे शब्दयोगी रूप आणि स्वतंत्र क्रियापद मिळून करतात. 'हेरोदावर कडी करणे', 'हेरोदावर ताण करणे' हे म्हणून सर्वांत जवळचे पर्याय ठरतात. 'मात करणे' हा बुद्धिबळातून आलेला प्रयोग विजय सुचवितो, त्यामुळे तो येथे तितका जुळत नाही.

क्रौर्याच्या अर्थासाठी मराठीत 'कंसालाही लाजवील असा' ही रचना उपलब्ध आहे. भविष्यवाणीच्या भीतीने बालकांचा जीव घेणारा राजा हे कंस व हेरोद यांच्या कथांतील साम्य लक्षणीय आहे. मात्र 'हॅम्लेट'मधील संदर्भात कंस आणल्यास आरडाओरड्याचा मूळ अर्थ मागे पडून क्रौर्याचा अर्थ पुढे येण्याचा धोका असतो. तेथे राजा कोण यापेक्षा नट कसा ओरडतो हे महत्त्वाचे आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चे केलेले मराठी रूपांतर 'विकारविलसित' या नावाने 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी नाटक मंडळीने त्याचे प्रयोग केले आणि त्यातील नायकाच्या भूमिकेसाठी गणपतराव जोशी यांची ख्याती झाली. हे नाटक मराठीत आणणाऱ्या कोणाही भाषांतरकारापुढे या क्रियापदापाशी तोच पेच उभा राहतो. नाव तसेच ठेवले तर वाचकाला त्यामागचा गडगडाट ऐकू येत नाही, आणि देशी नाव घेतले तर इंग्लंडच्या रस्त्यांवरचा तो हेरोद हरवतो. इंग्रजी वाचकाचीही आज फारशी वेगळी स्थिती नाही. मिस्टरी नाटके पाहिलेला प्रेक्षक उरलेला नसल्याने त्यालाही या शब्दाचा मूळ अर्थ टीपेच्या मदतीनेच समजून घ्यावा लागतो.